लॅबमध्ये मरणाऱ्या कॅन्सर पेशी शरीरात का मरत नाहीत?

निशाचर:
बेसिक शंका आहे, हसू नका. अमुक औषधाने लॅबमध्ये कॅन्सरच्या पेशी मारल्या अशा बातम्या सारख्या येतात, मग तेच पेशंटला दिलं की एवढं का चालत नाही? कुणीतरी म्हणालं गाठीच्या आजूबाजूचं वातावरण आडवं येतं. म्हणजे काय? गाठ म्हणजे सगळ्या कॅन्सरच्याच पेशी ना?

खवचट_पेशी:
नाही ना, तीच तर गंमत आहे. गाठीत रक्तवाहिन्या, मॅक्रोफेज आणि टी सेल्स (दोन्ही रोगप्रतिकारक पेशी), कोलाजेन या चिवट प्रथिनाचं जाळं, ते जाळं विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी असं सगळं असतं, स्वादुपिंडाच्या गाठीत तर बऱ्याचदा कॅन्सर पेशीच अल्पसंख्य. डिशमध्ये औषध थेट पेशींवर पडतं, शरीरात ते रक्तातून जाणार आणि गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, गळक्या, त्यामुळे आत दाब वाढलेला असतो आणि औषध धड आत शिरतच नाही. वर ऑक्सिजनही कमी, आणि ऑक्सिजन नसलेल्या पेशी रेडिएशनने मारायच्या तर अडीच-तीनपट डोस लागतो.

जुनी_फाईल:
यात नवीन काही नाही बरं का. स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने १८८९ मध्येच स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ जणींच्या नोंदी बघून सांगितलं होतं की हा रोग वाटेल तिथे पसरत नाही, बी (कॅन्सर पेशी) सगळीकडे उडतं पण रुजतं मानवेल त्याच मातीत (अवयवात).

निशाचर:
मग सोप्पंय की, ते जाळंच काढून टाकायचं औषध द्या!

खवचट_पेशी:
करून झालंय 😅 स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये हेजहॉग नावाचा पेशींमधला सिग्नल बंद करून ते जाळं पातळ करायचं ठरलं, उंदरांत भारी रिझल्ट आला, पण माणसांवरच्या एका ट्रायलमध्ये औषध न घेणारेच जास्त जगले, २०१२ मध्ये ती थांबवावी लागली. नंतर उंदरांतच दिसलं की हे फायब्रोब्लास्ट कमी केले की गाठ उलट जास्त आक्रमक होते. काही फायब्रोब्लास्ट तिला आवरूनही धरतात म्हणजे. त्यामुळे हल्ली सरसकट पाडापाडीपेक्षा नेमके कुठले फायब्रोब्लास्ट हे शोधण्यावर भर आहे, आणि मला तरी तेच बरोबर वाटतं.

निशाचर:
इम्युनोथेरपी, म्हणजे आपल्याच रोगप्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणं, यातच येते का?

जुनी_फाईल:
हो. गाठ पीडी-एल१ नावाचं प्रथिन दाखवून टी सेल्सना गप्प बसवते, म्हणजे त्यांना ब्रेक लावते, चेकपॉइंटची औषधं असे ब्रेक काढतात, ॲलिसन आणि होंजो या संशोधकांना २०१८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल टी सेल्सच्या अशा ब्रेकवरच्याच कामासाठी मिळालं. पण टी सेल्स गाठीत घुसलेच नसतील, बाहेरच अडकले असतील, तर ब्रेक काढून फारसा उपयोग नाही, म्हणून एकाच प्रकारच्या कॅन्सरमध्येही एकाला लागू पडतं आणि दुसऱ्याला नाही.