प्रकाशप्रदूषण नववीला शिकवावं, आणि ते सोयाबीनच्या रानात नेऊन

काळीमाती (विज्ञान शिक्षक, लातूर जिल्हा)
पर्यावरण म्हटलं की आपल्या शाळांत प्लास्टिक, धूर, सांडपाणी एवढंच येतं. रात्रीच्या वाया जाणाऱ्या उजेडाचं कुणी बोलत नाही. माझ्या मते मराठवाड्यातल्या प्रत्येक हायस्कुलात हे शिकवायलाच हवं, कारण पुरावा आपल्या रानात उभा असतो. सोयाबीनला लागून हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा मोठा दिवा, असेल तिथं सप्टेंबरअखेर जाऊन बघा. बाकीचं रान पिवळं पडून पानगळ झालेली, शेंगा वाळलेल्या. दिव्याच्या टप्प्यातला पट्टा मात्र हिरवागार. सोयाबीनला फुलावर यायला लांब रात्र लागते. ती दिव्यानं मोडली की फुलोरा लांबतो आणि काढणीला तेवढा भाग कच्चा राहतो. मुलांना हा पट्टा पावलांनी मोजू द्या, खांबापासूनचं अंतर वहीत मांडू द्या.

दुसरा धडा प्रकाश सापळ्याचा, म्हणजे दिव्याकडे ओढले जाणारे किडे धरायच्या साधनाचा. पिकाची मुळं खाणाऱ्या हुमणीचे भुंगेरे धरायला तो बऱ्याच घरी लावतात, पण संध्याकाळी काही तासच. रात्रभर ठेवला तर मित्रकीटकही मरतात. चौकातला दिवा बारा महिने रात्रभर जळतो. त्याखाली सकाळी काय पडलेलं असतं, ते मुलांनी गोळा करून ओळखावं.

रातपाणी (शेतकरी, परभणी)
सर, राग मानू नका. आमच्या फिडरला आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच लाईन असते. दोन वाजता पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जायचं म्हणजे हातात बॅटरी, पायाखाली सापाची भीती, बांधावर रानडुकरं. पोरी शिकवणीहून अंधारात घरी येतात. वस्तीवर एक खांब मिळवायला आम्ही ग्रामपंचायतीचे उंबरे झिजवले. त्याच आमच्या लेकरांना उजेड वाईट म्हणून शिकवणार? आधी उजेड तर येऊ द्या.

नववीची आई (छत्रपती संभाजीनगर)
अभ्यासक्रम आधीच संपत नाही. प्रकल्पाच्या नावाखाली फाइल आईबापच भरतात. त्यात आता रात्री मुलांना बाहेर कोण घेऊन जाणार?

काळीमाती
दादा, खांब काढा असं मी कधीच म्हणणार नाही. पोरींच्या वाटेवर दिवा हवाच. प्रश्न त्याच्या तोंडाचा आहे. तिरपा बसवलेला दिवा आभाळात आणि शेतात उजेड फेकतो, वाटेवर कमी पाडतो. शिवाय डोळे दिपतात आणि पलीकडे सावलीत उभा माणूस दिसत नाही. वरून झाकण, तोंड सरळ खाली, रंग पिवळसर, म्हणजे 3000 केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) किंवा त्याहून कमी, एवढंच मागणं आहे. निळसर पांढरा उजेड हवेत जास्त विखुरतो. आभाळ निळं दिसतं ते याच कारणानं. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आभाळ काळोखं राखलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. आसपासच्या गावांना त्यासाठी अंधारात बसवलं नाही, खाली तोंडाचे दिवे दिले.

ताई, रात्रीचं काम अंगणातूनच होतं. थंडीत कृत्तिका बघायच्या आणि किती तारका सुटसुटीत दिसतात ते लिहायचं.

नाथसागर (पक्षीनिरीक्षक, पैठण)
तारका मोजण्याला दुजोरा. जगभरातल्या हौशी निरीक्षकांनी 2011 ते 2022 या काळात केलेल्या अशाच नोंदींवरून आभाळाचा उजळपणा वर्षाला सरासरी 9.6 टक्क्यांनी वाढल्याचं निघालं. जायकवाडीवर हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात. स्थलांतर करणारे कितीतरी पक्षी रात्री उडतात, ताऱ्यांवरून दिशा धरतात आणि झगमगाटात भरकटतात. हे लहान वयात कळलं तर मोठेपणी धरणाकाठी फोकस लावताना माणूस विचार करेल.

रातपाणी
झाकणाचं पटलं. वर जाणाऱ्या उजेडाचं बिल आम्हीच भरतो, ते कुणी सांगितलंच नव्हतं. पण मग धडा पुरा शिकवा. शेतकऱ्याला रात्री रानात उजेड का लागतो? लाईन रात्री देतात म्हणून. दिवसा वीज द्या, हेही त्याच तासाला येऊ द्या. नुसते पतंग आणि पाखरं शिकवली तर आमच्या लेकरांना तो शहरवाल्यांचा विषय वाटेल.

काळीमाती
येऊ द्या, नक्की. पट्ट्याचा नकाशा मुलांनीच ग्रामसभेत मांडावा आणि दिव्याला झाकण मागावं, असं माझ्या मनात आहे.

नववीची आई
अंगणातल्या तारकांना माझी हरकत नाही. पण चौदा वर्षांच्या मुलांना ग्रामसभेत उभं करणं मला मान्य नाही. गावातली भांडणं शाळेत येतात. नकाशा शिक्षकांनी द्यावा.

रातपाणी
ताई, शिक्षकाचं अर्ज म्हणून ठेवून देतील. लेकरं बोलली तर सरपंचाला ऐकावं लागतं.