'रिप्लेसमेंट रेट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्नकर्ती
निवृत्तिवेतनावरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणते आहे. त्यात 'रिप्लेसमेंट रेट' दर दोन ओळींनी भेटतो. अर्थ सोपा आहे: निवृत्तीनंतर सरकारी योजनेतून मिळणारी रक्कम नोकरीतल्या कमाईच्या किती टक्के आहे. यंत्राला विचारलं तर त्याने 'प्रतिस्थापन दर' दिला. तोच लिहिला आणि शेजारच्या निवृत्त कंडक्टर काकांना वाचायला दिला. त्यांनी विचारलं, "कोणाच्या जागी कोण आलं?" तेव्हापासून अडून बसले आहे. रुळलेला शब्द आहे का?

मुद्रितशोधक
काकांचं बरोबर आहे. प्रतिस्थापन म्हटलं की मला रसायनशास्त्राचा तास आठवतो. एक अणू गेला, दुसरा त्याच्या जागी बसला. पगाराच्या जागी पेन्शन 'बसते' असं मराठी माणूस म्हणत नाही, पगार 'बंद होतो' आणि पेन्शन 'सुरू होते'.

'दर'ही मला खटकतो. दर किलोला असतो, तासाला असतो, व्याजाचा असतो. इथे दोन रकमांची तुलना आहे, म्हणजे 'प्रमाण' हवं. (साक्षरता दर, बेरोजगारी दर आपण चालवून घेतले आहेत, त्यामुळे हा आग्रह फार ताणणार नाही.)

कुणी 'भरपाई' सुचवेल, म्हणून आधीच विरोध नोंदवतो. भरपाई पिकाची, अपघाताची. डी. एस. नकारा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात 17 डिसेंबर 1982 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की पेन्शन म्हणजे मालकाच्या मर्जीची खैरात नव्हे, केलेल्या कामाचा तो हक्क आहे. पेन्शनर लोक ती तारीख 'पेन्शनर दिन' म्हणून पाळतात. त्यांच्या हातात 'भरपाई' हा शब्द देऊ नका.

निवृत्त लेखाधिकारी
ताई, शब्दाचं नंतर बघू. आधी लेखकाने भागाकारात खाली काय धरलंय ते तपासा. आमच्याकडे सगळे 'निम्मा पगार पेन्शन' म्हणतात. हा निम्मा कशाचा, ते सांगतो. आकडे सोयीसाठी घेतले आहेत.

शेवटचं मूळ वेतन 80,000. महागाई भत्ता 50 टक्के धरला तर 40,000. घरभाडे भत्ता 24,000. एकूण 1,44,000. फंड, आयकर वगैरे कापून हातात 1,10,000 येत होते असं समजा.

पेन्शन मूळ वेतनाच्या निम्मी, म्हणजे 40,000. त्यावर महागाईचे 20,000. हातात 60,000. घरभाडे भत्ता निवृत्तीबरोबर गेला, घर मात्र तिथेच आहे.

आता बघा. मूळ पेन्शनला मूळ वेतनाने भागलं तर 50 टक्के. एकूण पेन्शनला एकूण पगाराने भागलं तर 42 टक्क्यांच्या आत. हातात येणाऱ्या पगाराशी ताडलं तर साडेचौपन्नच्या आसपास. आणि त्या माणसाने 40 टक्के पेन्शन विकली, म्हणजे तेवढ्या भागाचे पैसे एकरकमी आधीच घेतले असतील, तर महिन्याला 16,000 कापले जातात, हातात 44,000, म्हणजे नेमके 40 टक्के. विकलेला भाग 15 वर्षांनी परत सुरू होतो, तोवर हेच. माणूस एक, पेन्शन एक, टक्केवाऱ्या चार. संघटनेचा पुढारी, वित्त विभाग आणि बायको यांचे आकडे जुळत नाहीत ते यामुळेच. तिघेही खोटं बोलत नसतात.

प्रश्नकर्ती
'पेन्शन विकणे' म्हणजे शासकीय मराठीतलं 'अंशराशीकरण' ना? लेखात तेही आहे.

निवृत्त लेखाधिकारी
तेच. महाराष्ट्र नागरी सेवा नियमांत अंशराशीकरण, ग्रॅच्युइटीला उपदान. कागदावर तेच लिहायचं, पण मी नोकरीभर खिडकीवर 'साहेब, पेन्शन विकायचीय' हेच ऐकलं. तुमच्या लेखात विकणेच ठेवा.

खासगी नोकरीवाला
निम्म्याची चर्चा ऐकून हसू आलं. आमची ईपीएस-95, म्हणजे भविष्य निर्वाह निधीबरोबरची 1995 ची कर्मचारी पेन्शन योजना. सूत्र असं: निवृत्तिवेतनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षं भागिले 70. वेतनाची मर्यादा सप्टेंबर 2014 पासून 15,000. पुरी 35 वर्षं धरली तरी 7,500 च्या वर जात नाही. म्हणजे कागदावर 50 टक्के, सरकारी माणसासारखेच! पण महिना लाख कमावणाऱ्याला तेच साडेसात टक्के पडतात. तेव्हा लेखाधिकारी काकांच्या यादीत चौथा भाजक घाला: कायद्याने मानलेला पगार.

न्यू जर्सीहून
इथली सोशल सिक्युरिटी, म्हणजे अमेरिकेची सरकारी पेन्शन, शेवटच्या पगाराकडे बघतच नाही. सर्वाधिक कमाईची 35 वर्षं घेते, जुन्या कमाईला आजच्या वेतनमानावर आणते आणि मासिक सरासरी काढते. मग त्या सरासरीच्या पहिल्या टप्प्याचे 90 टक्के, पुढच्याचे 32, त्यापुढच्याचे 15. त्यामुळे कमी कमावणाऱ्याचं प्रमाण चांगलं, जास्त कमावणाऱ्याचं लहान. मी चाळिशीत इथे आलो. पासष्टीपर्यंत काम केलं तर पंचवीस वर्षं भरतात, उरलेल्या दहांच्या जागी शून्यं धरून सरासरी काढतात. पुण्यातल्या माझ्या नोकरीची इथे किंमत शून्य, हे मला त्या पत्रकावर दिसलं. थोडं लागलं.

तलाठी कार्यालयाजवळून
एक शब्द सुचवू का? पैसेवारी. पूर्वीची आणेवारी. नेहमीच्या पिकाच्या रुपयात यंदा किती पैसे पिकलं? 50 पैशांच्या आत आली की गावात दुष्काळाची भाषा सुरू. पेन्शनचं तेच आहे: पगाराच्या रुपयात आता किती पैसे येतात? 'पेन्शनची पैसेवारी' म्हणा, तुमच्या कंडक्टर काकांना लगेच कळेल. आणि 'प्रमाण उत्पन्न, म्हणजे नेहमीचं पीक, कोणतं धरलं' यावरून गावात होणारं भांडणही हेच.

मुद्रितशोधक
शब्द झकास आहे, म्हणूनच भीती वाटते. मथळ्यात शोभेल, तक्त्यात नको. आणेवारी तर सातबारावर खातेदाराच्या हिश्शालाही म्हणतात, ती टाळा. तक्त्यात 'वेतनाशी प्रमाण' लिहा, आणि 'वेतन' कधी एकटं सोडू नका: मूळ वेतनाशी, एकूण वेतनाशी, सरासरी वेतनाशी. इंग्रजी शब्दात जे लपतं ते मराठीत उघडं राहिलं तर बिघडलं कुठे?

प्रश्नकर्ती
मूळ लेखकाने 'एकूण' आणि 'करानंतरचं' अशी दोन प्रमाणं दिली आहेत. मी दोन्हीला एकच शब्द वापरत होते, ते आता सुधारते. पैसेवारी पहिल्या परिच्छेदात एकदाच घेईन. पण केंद्र सरकारच्या 2025 च्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेतलं वाक्य अजून अडतंय. 25 वर्षं सेवा झालेल्याला शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या 50 टक्के. तिथे कुठलं प्रमाण लिहू?

निवृत्त लेखाधिकारी
'सरासरी मूळ वेतनाशी'. शेवटच्या वर्षात वेतनवाढ किंवा बढती मिळाली असेल तर सरासरी शेवटच्या मूळ वेतनापेक्षा थोडी कमी पडते. जुन्या योजनेतल्या निम्म्याशेजारी हे निम्मं लिहिताना खाली टीप द्या.

प्रश्नकर्ती
आणि 'निवृत्तिवेतन' की 'निवृत्तीवेतन'?

मुद्रितशोधक
ऱ्हस्व. संस्कृतात मुळात ऱ्हस्व असलेलं तत्सम पूर्वपद समासात ऱ्हस्वच राहतं. सरकारी पाट्यांवर जाऊ नका.