आधी भिंती, मग यंत्र: ‘गॅस तोडा, हीट पंप जोडा’ या लेखाला उत्तर

उणे_तीस (एडमंटन), धागाकर्ता

गेल्या आठवड्यात ‘मॉन्ट्रियलकर’ यांनी येथे एक लेख लिहिला. थंड देशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाने गॅसची फर्नेस (घर तापवणारी भट्टी) काढून हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारे विजेचे यंत्र) बसवावा आणि इन्सुलेशनच्या, म्हणजे भिंती-छतात उष्णतारोधक थर भरण्याच्या, ‘मिस्त्रीकामात’ पैसे घालवू नयेत, कारण नवी यंत्रे इतकी कार्यक्षम आहेत की भिंती कशा आहेत याने फारसा फरक पडत नाही, असा त्याचा सारांश. खाली वाहवांची रांग लागली आणि दोघांनी तर लगेच कंत्राटदाराचा फोन नंबर मागितला, म्हणून सविस्तर लिहिणे भाग आहे.

आधी कळस मग पाया, असा हा सल्ला आहे. घराला किती उष्णता लागणार हे यंत्रावर अवलंबून नसते, घर तिला किती वेगाने बाहेर सोडते यावर असते. आमच्या भागातली साठ-सत्तरच्या दशकांतली घरे साडेतीन इंचांच्या लाकडी चौकटीची, भिंतीत तेवढ्याच जाडीचे फायबरग्लास भरलेली आणि बेसमेंटला बहुधा उघडे काँक्रीट असलेली आहेत. बाहेर ८ अंश असताना हीट पंप एका युनिट विजेत तीन-साडेतीन युनिट उष्णता आत आणतो, पण उणे पंधराला तेच गुणोत्तर दोनच्या आसपास येते, उणे पंचविसाला दीडकडे सरकते, आणि त्याच वेळी यंत्राची एकूण क्षमताही घटते; म्हणजे ज्या रात्री घर सर्वांत जास्त मागते, नेमक्या त्याच रात्री यंत्राचा हात आखडतो. अशा घरात मोठा पंप बसवणे म्हणजे रजईची भोके न शिवता शेगडी वाढवत जाणे होय.

हे ज्ञान नवे नाही आणि परदेशातून आणलेलेही नाही, ते कॅनडाच्या याच प्रेअरीत, म्हणजे पश्चिमेकडच्या सपाट गवताळ प्रदेशात, तयार झाले. १९७७ साली रिजायना येथे सस्कॅचेवान कॉन्झर्व्हेशन हाउस उभे राहिले. त्याच्या भिंती फूटभर जाड होत्या, छत आर-६० चे होते (आर म्हणजे उष्णता अडवण्याचे माप), हवेची गळती कसोशीने बंद केलेली होती, बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारे यंत्र होते आणि फर्नेस नव्हतीच. पुढे जर्मनीत डार्मस्टाट येथे पॅसिव्ह हाउसची, म्हणजे जवळजवळ न तापवताच उबदार राहणाऱ्या घराची, कल्पना आकाराला आली तेव्हा या घराचा अनुभव समोर होता. त्या चमूतले हॅरल्ड ऑर यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये सास्काटून येथे एका जुन्या बंगल्याच्या वळचणी चक्क चेनसॉने कापून काढल्या, सबंध घर बाहेरून प्लास्टिकच्या पडद्यात गुंडाळले, त्यावर इन्सुलेशन चढवले आणि हवेची गळती जवळजवळ नव्वद टक्क्यांनी खाली आणली. प्रत्येकाने करवत घेऊन छपरावर चढावे असे माझे म्हणणे नाही, परंतु कशाला हात घालायचा याचा क्रम तेव्हाच ठरलेला आहे.

तो क्रम हवेची गळती मोजणाऱ्या ब्लोअर डोअर चाचणीपासून सुरू होतो. मुख्य दारात पंखा लावून घरातली हवा बाहेर खेचतात आणि आत-बाहेर ५० पास्कलचा फरक निर्माण करतात. पंखा चालू असताना उदबत्ती घेऊन घरभर फिरून पाहा. बाहेरच्या भिंतीवरच्या विजेच्या बटणांपाशी धूर आडवा होतो आणि बेसमेंटच्या छताच्या कडेला, जिथे लाकडी तुळया काँक्रीटवर टेकतात, तिथे तो विस्कटून जातो. मग फेब्रुवारीत अॅटिकची (छपराखालच्या पोकळीची) झडप उघडून टॉर्च मारा. छपराच्या फळ्यांतून खाली आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकावर पांढऱ्या बर्फाची लव दिसली, तर समजा की तुमच्या न्हाणीघराची आणि वरणाच्या कुकरची वाफ तिथे जमून बसली आहे. मार्चमध्ये ती वितळते, छतावर पिवळे डाग पडतात आणि लोक उगाच छप्पर गळते म्हणून भांडतात. त्या फटी आधी बुजवायच्या, त्यानंतर वर सेल्युलोजचा (कागदाच्या भुग्याचा) जाड थर फुंकून घ्यायचा, बेसमेंटची कड फोमने भरायची, आणि हे सारे झाल्यावर उष्णतेचा हिशेब नव्याने मांडून यंत्र निवडायचे. ते पूर्वीपेक्षा लहान निघते, म्हणून स्वस्तही पडते. हीट पंपाला माझा विरोध नाही, फक्त तो रांगेत शेवटी उभा राहावा.

मॉन्ट्रियलकर

माझ्या दोन पानी लेखावर इतका दारूगोळा खर्च झालेला पाहून धन्य झालो. ‘आमच्याकडची थंडी काही वेगळीच’ हा प्रेअरीवासीयांचा लाडका अहंकार आहे. वास्तविक एडमंटन आणि मॉन्ट्रियल या दोन्ही शहरांचे जानेवारीचे सरासरी तापमान उणे दहाच्या आसपासच असते. आमची वीज धरणांची आणि स्वस्त आहे, माझा पंप तिसरा हिवाळा सुरळीत काढतो आहे, आणि इन्सुलेशनवर एक डॉलरही न घालवता माझे बिल खाली आले आहे. बाहेरच्या भिंती सोलून नव्याने बांधायला जी रक्कम लागते तीत दोन पंप येतात. नोकरी सांभाळून कर्ज फेडणाऱ्या माणसाने दहा वर्षे पायाच रचत बसावे काय?

उणे_तीस

सरासरीचा मुद्दा आकड्यांत बरोबर आहे आणि कामाला निरुपयोगी आहे. यंत्राचे माप सरासरीवर ठरत नाही, हिवाळ्यातल्या सर्वांत वाईट आठवड्यावर ठरते, आणि उणे पस्तीस हे मॉन्ट्रियलला अघटित असते तर आमच्याकडे दर दोन-चार वर्षांनी दारात येते. तुमचे बिल खाली आले कारण तुम्ही पूर्वी विजेच्या बेसबोर्ड हीटरवर होतात, हे तुमच्याच लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. एका युनिटला एकच युनिट देणाऱ्या हीटरशी तुलना केली की कोणताही पंप महापुरुष वाटतो. भिंती सोलायला मी कोठेही सांगितलेले नाही. अॅटिक आणि बेसमेंटची कड यांना सोलावे लागत नाही.

हिशेबनीस (कॅलगरी)

आपण दोघेही आयजीच्या जिवावर बायजी उदार आहात. ज्या ग्रीनर होम्स ग्रँट या सरकारी अनुदानाच्या बळावर ही सारी पंपपुराणे लिहिली गेली, ती २०२१ मध्ये आली, जास्तीत जास्त ५००० डॉलर देत होती आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या अर्जांसाठी बंद झाली. आमच्या अल्बर्टा प्रांतात सारे आकार धरले तर तेवढ्याच ऊर्जेसाठी वीज गॅसच्या साधारण चार-पाच पट महाग पडते, आणि पंपाचे हंगामी गुणोत्तर अडीच धरले तरी माझे बिल वाढतेच. ९६ टक्के कार्यक्षमतेची फर्नेस काढून मी कोणाचे भले करणार आहे? शिवाय १३ जानेवारी २०२४ ची संध्याकाळ आठवा. प्रांतातल्या प्रत्येकाच्या फोनवर भोंगा वाजला आणि वीज ताबडतोब कमी वापरा, नाहीतर पाळीपाळीने अंधार होईल, असा संदेश आला. त्या रात्री सगळ्यांच्या घरी पंप असते तर काय झाले असते?

उणे_तीस

त्या रात्री वीज गेली असती तर तुमची ९६ टक्क्यांची फर्नेसही बंद पडली असती, कारण तिचा पंखा आणि नियंत्रण विजेवरच चालते. प्रश्न एवढाच उरला असता की वीज नसताना घर किती तास उबदार राहते, आणि त्याचे उत्तर भिंती आणि अॅटिकच देतात. नोव्हा स्कोशियात ज्यांच्या घरी अजून तेलाची फर्नेस आहे त्यांनी उद्याच पंप लावावा, हे मी मॉन्ट्रियलकरांच्या समाधानासाठी लिहून देतो. अल्बर्टात गॅस असताना पंपाची घाई नको, हा तुमचा हिशेबही मान्य आहे, परंतु तोच हिशेब अॅटिकचाही करा, म्हणजे स्वतःवरच चिडाल.

वाड्यातला (पुणे)

आमच्या जुन्या वाड्याच्या दोन हात जाड मातीच्या भिंतींत थंडी-ऊन काहीच जाणवत नसे. लडाखमध्येही मातीच्याच भिंती असतात. या फोम-प्लास्टिकपेक्षा पूर्वजांचे शहाणपण का वापरत नाही?

प्रवासी_पक्षी (ऑस्लो)

जाड मातीची भिंत दिवसाची ऊब रात्रीसाठी राखून ठेवते, पण त्यासाठी ती ऊब दिवसा मिळावी लागते. लेहजवळ फे येथील सेकमॉल या शिक्षणसंस्थेच्या आवारातल्या इमारती दक्षिणेला काच आणि मागे मातीच्या भिंती ठेवून उभ्या आहेत आणि कडक उन्हामुळे ते जमतेही. डिसेंबरात लेहला दहाएक तासांचा दिवस असतो, एडमंटनला साडेसात तासांचा आणि आमच्याकडे सहा तासांचा, तोही बहुधा ढगाळ. सलग तीन आठवडे शून्याखाली गेल्यावर दगड-मातीची भिंत आतून बर्फासारखीच लागते. वाड्याबद्दल आदर राखूनच हे लिहिले आहे.

सांगलीची_सून (सास्काटून)

घर हवाबंद करा म्हणून सांगणाऱ्या सर्व पुरुषांना माझा एकच प्रश्न आहे: या घरात स्वयंपाक कोण करते? आमचे नवे घर या सगळ्या चाचण्यांत अव्वल आले, आणि पहिल्याच आठवड्यात मी तव्यावर मिरच्या भाजल्या तेव्हा सगळे घर खोकत वरच्या मजल्यावर पळाले. ओट्यावरचा हूड धूर बाहेर टाकत नाही, कोळशाच्या फिल्टरमधून फिरवून पुन्हा माझ्याच तोंडावर सोडतो. ऊर्जा-सल्लागाराने सांगितले की एचआरव्ही (जाणाऱ्या हवेची ऊब येणाऱ्या हवेला देणारे यंत्र) वीस मिनिटे जोरात चालवा. त्याच्याकडे टोमॅटोचे सूप होत असेल, तर ते पुरतही असेल. शेवटी मी उणे अठ्ठावीसला स्वयंपाकघराची खिडकी उघडते आणि तुमची सगळी गणिते त्या खिडकीतून जातात.

उणे_तीस

ताई, हवाबंद घर आणि फिरता हूड ही जोडी आपल्या स्वयंपाकाला चालत नाही. हूड बाहेरच काढायला हवा. तो एचआरव्हीच्या नळीला मात्र जोडू नका, तेलाने त्याचा गाभा चोंदतो. ६०० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला ६०० घनफूट हवा ओढणारा, हूड हजार चौरस फुटांच्या मजल्यावरची सगळी हवा पंधरा मिनिटांच्या आत बाहेर फेकतो, आणि तेवढीच हवा कुठून तरी आत यावीच लागते. बेसमेंटमध्ये जुन्या पद्धतीचा, चिमणीच्या ओढीवर चालणारा गॅसचा बंब असेल तर ती हवा त्याच्या चिमणीतून उलटी खाली येते आणि सोबत कार्बन मोनॉक्साइड आणते. म्हणून अमेरिकेतल्या निवासी बांधकाम संहितेत ४०० सीएफएमपुढच्या हूडला बाहेरची हवा आत आणण्याची वेगळी सोय लागते.

हिशेबनीस

म्हणजे आधी फटी बुजवायला पैसे, मग हवा बाहेर काढायला पैसे, मग तीच हवा परत आत आणून तापवायला पैसे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तोही अक्षरशः.

मॉन्ट्रियलकर

इंडक्शन घ्या. गॅसच्या ज्वाळेचा स्वतःचा धूर आणि वाफ तरी वाचते, आणि फुलके तव्यावरही फुगतात. तळणाची हौस थोडी आवरली तर शेजारी आणि सहकारी दोघांचाही दुवा मिळेल. लिफ्टमध्ये कोणाच्या कोटाला कालच्या फोडणीचा वास येतो हे सर्वांना कळते.

पुरणपोळी_प्रेअरी (कॅलगरी)

हे वाक्य वाचून संताप आला. तीस वर्षे या देशात राहून आपल्याच अन्नाच्या वासाची लाज वाटणाऱ्यांनी दुसऱ्यांना घर कसे असावे हे शिकवू नये. आमच्याकडे बिल्डर आता मागच्या बाजूला दार लावून वेगळे करता येणारे स्पाइस किचन देतात. ते घ्या आणि अभिमानाने बांगडा तळा.

सांगलीची_सून

अभिमानाचा आणि लाजेचा येथे काडीचाही संबंध नाही. माझ्या धाकट्याला दमा आहे आणि मला धूर घराबाहेर जायला हवा आहे, एवढेच. स्पाइस किचनसाठी आणखी दीडशे चौरस फूट घर विकत घ्यायचे आणि तेही तापवत बसायचे, हा सल्ला ऊर्जाबचतीच्या धाग्यावर दिल्याबद्दल आभार. गॅरेजमध्ये तळायला सांगणारे अजून कसे आले नाहीत?

हिशेबनीस

आम्ही गॅरेजमध्येच तळतो. दिवाळीत हातमोजे घालून चकल्या काढल्या आहेत.

उणे_तीस

बंद गॅरेजमध्ये, गाडीच्या आणि पेट्रोलच्या डब्याच्या शेजारी, उघड्या ज्वाळेवर कढईभर तेल ठेवता आणि वर विम्याचा हप्ता काटकसरीने भरता. हिशेबनीस हे नाव बदला.

संपादक

वैयक्तिक शेरे टाळावेत. लिफ्टविषयीचे प्रतिसाद यापुढे उडवले जातील.

हिशेबनीस

नाव राहू द्या, हिशेब सांगतो. आमच्या छतावर दोन पिवळे डाग आहेतच, म्हणून अॅटिकच्या फटी बुजवून सेल्युलोज फुंकून घेणार आहे. हे धागाकर्त्याच्या उदबत्तीमुळे नव्हे, तर रंगाऱ्याने तिसऱ्यांदा रंग द्यायला नकार दिला म्हणून. फर्नेस जागची हलणार नाही. घर १९७४ चे आहे. वर चढून पाहिले तर चकचकीत, अभ्रकासारखे दाणे पसरलेले दिसतात. ते बाजूला सारून फटी शोधू का?

प्रवासी_पक्षी

हात लावू नका आणि झडप बंद करा. ते व्हर्मिक्युलाइट, म्हणजे पूर्वी इन्सुलेशन म्हणून ओतत असलेले खनिज, असावे. त्यातला मोठा वाटा माँटानातल्या लिबी येथील खाणीचा असे आणि त्यात फुप्फुसांना घातक असे ॲस्बेस्टॉस मिसळलेले असे. ती खाण १९९० मध्ये बंद झाली, माल मात्र घरोघरी तसाच पडून आहे. आधी नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि ॲस्बेस्टॉस निघाले तर ते काढणे परवानाधारक लोकांवर सोपवा.

मॉन्ट्रियलकर

म्हणजे ‘स्वस्त आणि सोपे’ अॅटिकसुद्धा हजारो डॉलरांना पडणार. तरीही माझ्या लेखात एक ओळ वाढवतो: ‘पंपाआधी, ज्यांना हौस असेल त्यांनी, अॅटिक पाहून घ्यावे.’ समाधान?

उणे_तीस

‘हौस’ हा शब्द काढला तर.

सांगलीची_सून

आपले दोघांचे तह झाले असतील तर माझ्याकडे वळा. बाहेर काढलेल्या हूडच्या नळीत जी झडप असते ती उणे तिसाला वाफेने गोठून उघडीच राहते आणि रात्रभर ओट्यावर थंड वारा सुटतो, असे शेजारीण सांगते. त्याला इन्सुलेशन केलेली नळी पुरते का, की ओट्याजवळ दुसरी झडप लावावी लागते? कोणी स्वतः बसवून पाहिली असेल त्यानेच उत्तर द्यावे.