‘रोगनकाशा’ की ‘जोखीमनकाशा’?

खिल्लार: पूर्व आफ्रिकेतल्या रिफ्ट व्हॅली तापावरच्या (डासांतून पसरणारा, मेंढ्या-गुरांना आणि माणसांनाही होणारा विषाणूरोग) मराठी टिपणांत उपग्रहचित्रांवरून केलेल्या नकाशाला ‘रोगनकाशा’ म्हटलं आहे. त्यात केनियातला गारिसा भाग लाल दाखवलाय. शब्द बरोबर आहे का? आणि ‘एनडीव्हीआय’ला ‘हिरवळ निर्देशांक’ चालेल का?

अक्षवृत्त: ‘रोगनकाशा’ नको. रोगनकाशावर ठिपका पडतो तो जनावर आजारी पडलं आणि प्रयोगशाळेने नमुन्यात रोग ओळखला तर. उपग्रहाला ना विषाणू दिसतो, ना डास. त्याला दिसतो पानांवरून परतणारा प्रकाश. जवळच्या अवरक्त प्रकाशातून लाल प्रकाश वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं, की −१ ते +१ मधला आकडा मिळतो, तोच एनडीव्हीआय. नकाशावरच्या लाल पट्ट्याचा अर्थ एवढाच, की इथे एरवीपेक्षा गवत जास्त माजलंय, म्हणजे पाऊस जास्त झालाय, म्हणजे डास वाढायला जागा झालीय. हा ‘जोखीमनकाशा’.

‘हिरवळ निर्देशांक’ वाचून आकडा मोठा तितका धोका मोठा असं वाटतं. तसं असतं तर माउंट केनियाचं जंगल बारमाही लाल दिसलं असतं. बघायचा असतो तो त्याच महिन्याच्या अनेक वर्षांच्या सरासरीपासूनचा फरक. म्हणून ‘वनस्पती निर्देशांक’ ठेवा आणि नकाशाच्या सूचीत ‘सरासरीहून किती जास्त’ असं स्पष्ट लिहा. ढगाखाली हा आकडा पडतो, त्यामुळे महिन्याभराच्या चित्रांतून प्रत्येक चौकटीचा सर्वांत मोठा आकडा उचलतात. ही पायरी गाळली तर ऐन पावसाळ्यात नकाशा दुष्काळ दाखवेल.

पाणवठा: ‘रोगनकाशा’ की ‘जोखीमनकाशा’ हा फरक थेट लशीपर्यंत पोचतो. २००६ मध्ये समुद्राचं तापमान, पाऊस आणि हा निर्देशांक पाहून पूर्व आफ्रिकेला आधीच इशारा दिला गेला होता. डिसेंबरमध्ये गारिसात माणसांत ताप निश्चित झाला. इशारा आणि रुग्ण यांत २ ते ६ आठवडे मिळाले. लस टोचायची ती याच मुदतीत. साथ पेटल्यावर टोचायला घेतलं तर न बदललेली सुई आजारी मेंढीच्या रक्तातला विषाणू पुढच्या मेंढीत नेऊन सोडते. शिवाय जुनी स्मिथबर्न लस जिवंत विषाणूची, तिच्यामुळेही गाभण मेंढ्या गाभडतात, म्हणून त्या आधी वेगळ्या काढाव्या लागतात. ‘रोगनकाशा’ वाचणारा समजेल रोग आलाच, आता टोचू नये. खरं तर टोचायची वेळ तीच असते.

त्याच टिपणांत ‘गर्भपाताचं वादळ’ असाही शब्द आहे. कृपा करून काढा. गर्भपात बाईचा होतो, जनावर गाभडतं. ‘कळपातल्या मेंढ्या एकाएकी गाभडू लागल्या’ असं लिहिलं की मेंढपाळाला लक्षण कळतं. जोडीला ‘आठवड्याच्या आतल्या कोकरांत मोठी मरतूक’ हेही हवं. दोन्ही एकत्र आणि जोरदार पावसानंतर दिसली तर शंका घ्यायलाच हवी. अशा वेळी गाभडलेला गर्भ उघड्या हाताने उचलू नये, माणसाला ताप तिथूनही लागतो.

खिल्लार: ‘डांबो’ला ‘डबकं’ म्हणावं का?

पाणवठा: नको. डबकं म्हटलं की नळाशेजारचं पाणी डोळ्यांसमोर येतं. डांबो म्हणजे पसरट, उथळ, गवताळ खोलगट जमीन, एरवी कोरडी. हा ताप पसरवणाऱ्या एडिस डासांची अंडी तिथल्या मातीत वर्षानुवर्षं तग धरतात आणि काही अंड्यांत विषाणूही असतो. जमीन पाण्याखाली गेली की ती फुटतात. ‘बुडीत क्षेत्र’ही चुकेल, आपल्याकडे ते धरणाचं. ‘डांबो’ तसाच ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत समजवावा.

अक्षवृत्त: शब्दांइतकंच चिन्हाकडे लक्ष द्या. गारिसा विषुववृत्ताच्या जरा दक्षिणेला, सुमारे −०.४५ अक्षांशावर आहे. टिपणांच्या तक्त्यात उणे चिन्ह गळलंय, त्यामुळे ठिपका जवळजवळ १०० किलोमीटर उत्तरेला सरकतो. दुसरी खोट अंश-मिनिटांची. ०°२७′ म्हणजे ०.४५ अंश, ०.२७ नव्हे. या एका चुकीने वीस किलोमीटरचा फरक पडतो आणि पथक भलत्याच वस्तीवर जातं. तक्त्याच्या मथळ्यात ‘अक्षांश (दशांश अंश, दक्षिणेला उणे)’ असं पूर्ण लिहा, नुसतं ‘अक्षांश’ नको.