मदत हवी आहे: मराठी साइट मोबाइलवर फार हळू उघडते, फाँटचं काय करावं?

नमस्कार मंडळी,

अप्पा बळवंत चौकाजवळ आमचं पुस्तकांचं दुकान आहे. दिवाळी अंकांची नोंदणी वर्डप्रेस-वूकॉमर्सवरच्या साइटवरून घेतो. दुकानात साइट पटकन उघडते, पण वेल्हे, भोर, जुन्नरकडचे वाचक फोन करून सांगतात, "पान उघडतच नाही हो, तुम्हीच नाव लिहून घ्या." यात बरेच जण गावातली वाचनालयं चालवणारे आहेत. ऐन हंगामात त्यांचा खोळंबा होतो याचं फार वाईट वाटतं.

पेजस्पीड इनसाइट्सवर (साइटचा वेग मोजणारं गूगलचं टूल) मोबाइलचा एलसीपी (पानावरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) सहा सेकंदांच्या वर होता, तो २.५ च्या आत हवा. मुखपृष्ठांचे फोटो वेबपी या हलक्या प्रकारात केले, कॅशिंग प्लगिन (तयार पान साठवून ठेवणारं) लावलं. पण खरा फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने. सगळ्यात वरच्या मोठ्या चित्रालाही थीमने लेझी लोडिंग लावलं होतं, म्हणजे जे आधी दिसायला हवं तेच ब्राउझर उशिरा मागवायचा. ते काढल्यावर आकडा चारच्या आसपास आला. (तुमच्या साइटवरही हे एकदा तपासाच.)

आता अडलंय ते फाँटपाशी. आम्ही 'मुक्त' हा देवनागरी फाँट वापरतो, चार वजनांत (जाड-बारीक प्रकारांत). जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटमध्ये शेकडो आकार आणि ते जुळवायचे नियम असतात, त्यामुळे फाइल रोमनपेक्षा बरीच जड. वजनं दोनवर आणतोच आहे. फाँट-डिस्प्ले स्वॅप (आपला फाँट येईपर्यंत फोनमधला फाँट दाखवायची सेटिंग) केल्यावर मजकूर लगेच दिसतो, पण नंतर 'मुक्त' आला की ओळी सरकतात. 'नोंदणी करा'वर बोट टेकवावं, तर तोवर तिथे भलतंच बटण आलेलं असतं. सीएलएस (पान उघडताना मजकूर किती सरकतो त्याचा आकडा) ०.१ च्या पुढे जातो तो यामुळेच.

एका ऑनलाइन टूलमधून फाँट छाटून, म्हणजे नको ते आकार काढून, पाहिला. फाइल छान लहान झाली, पण 'तऱ्हा'मधल्या ऱ चा पाय मोडलेला दिसायला लागला आणि किमतीतलं ₹ दुसऱ्याच फाँटमध्ये. पुस्तकांच्या दुकानात असं मराठी मला चालणार नाही.

तर विचारायचं असं:

जोडाक्षरांचे नियम शाबूत ठेवून देवनागरी फाँट छाटायची खात्रीची रीत कोणती? युनिकोड-रेंजमध्ये (फाँटमध्ये कोणती अक्षरं घ्यायची ती यादी) ०९०० ते ०९७एफ, म्हणजे देवनागरीचा गट, एवढंच पुरत नाही हे कळलं; झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) आणि ₹ सोडून आणखी काय घ्यावं लागतं?

साइझ-अ‍ॅडजस्ट (फाँटचा आकार कमी-जास्त करायची सेटिंग) वापरून फोनमधला नोटो फाँट आणि 'मुक्त' यांची शिरोरेषा एका पातळीवर आणणं कुणाला जमलंय का? आकडे दिलेत तर उपकार होतील.

शिवाय आमचा सर्व्हर अमेरिकेत आहे, पहिला बाइट यायलाच सेकंदभर लागतो. क्लाउडफ्लेअर (साइटच्या प्रती वाचकाजवळच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) आपणहून एचटीएमएल, म्हणजे खुद्द पान, कॅश करत नाही, मग सरळ मुंबईतल्या सर्व्हरवर जावं का? की आधी फाँट निस्तरावा? नोंदणी सुरू व्हायच्या आत यातलं एकच काम नीट होईल असं दिसतंय.