पोस्टडॉक म्हणे ‘शिकाऊ’!

रात्रपाळी (धागाकर्ती): काल इथे एका प्राध्यापकांनी लिहिलं की पोस्टडॉक (पीएचडीनंतरची मुदतीची संशोधक-नेमणूक) हा शिकण्याचा काळ, पगार आणि कायमपणाचं रडगाणं गाणाऱ्यांनी विज्ञानात येऊच नये. वाचून डोकं फिरलं. पीएचडी झाली तरी आम्ही शिकाऊच? ग्रँटचा, म्हणजे संशोधन-निधीच्या अर्जाचा मसुदा लिहायला, नव्या पोरांना कन्फोकल सूक्ष्मदर्शक शिकवायला, पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरला उत्तरं द्यायला आम्ही तज्ज्ञ. पगाराचा विषय निघाला की लगेच शिकाऊ. ही माझी तिसरी पोस्टडॉक. कंत्राट एकेका वर्षाचं, आणि मुदतवाढ मिळणार की नाही हे कळतं शेवटच्या पंधरवड्यात.

जुना_लेझर: त्या प्राध्यापकांशी मी सहमत आहे. वॉटसन डीएनएच्या रचनेवर काम करत होता तेव्हा पोस्टडॉकच होता. १९५३ साली पेपर आला तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांचा. शिकवणं नाही, समित्या नाहीत. हे सुख पुन्हा मिळत नाही. मी लॅब चालवतो, पण दोन वर्षांत ऑप्टिकल टेबलला, म्हणजे लेझरच्या प्रयोगांच्या टेबलाला, हात लावलेला नाही.

रात्रपाळी: पंचवीस. मी छत्तीस वर्षांची आहे, सर.

पूल_बांधणारा: इंजिनिअरिंगमध्ये कंपन्यांचं दार उघडं असतं. मी दीड वर्षात बाहेर पडलो. परवडत नसेल तर सोडावं, कोणी बांधून ठेवलेलं नाही.

उणे_ऐंशी: पगाराचं राहू द्या, आधी श्रेयाचं बोला. मी दोन वर्षं खपून म्युटंट स्ट्रेन (जनुकात बदल असलेले वाण) बनवले. फ्रीझरच्या तिसऱ्या खणात अजून माझ्या अक्षरातली लेबलं आहेत. कंत्राट संपलं, प्रोजेक्ट दुसऱ्याकडे गेला, पेपरवर लेखकांच्या यादीत मी चौथा. डग्लस प्रॅशर या संशोधकाचं काय झालं? जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक त्यानं क्लोन केलं (वेगळं काढून त्याच्या प्रती केल्या), १९९२मध्ये छापलं, ग्रँट संपली म्हणून जनुक दुसऱ्यांना देऊन टाकलं. जीएफपीसाठी त्या दुसऱ्यांना २००८चं नोबेल जाहीर झालं तेव्हा तो कार डीलरकडे ग्राहकांची ने-आण करणारी गाडी चालवत होता!

जुना_लेझर: उदाहरण साफ चुकीचं. प्रॅशर तेव्हा पोस्टडॉक नव्हता. आणि ते जनुक घेऊन नोबेल मिळवणाऱ्या चॅल्फीच्या १९९४च्या पेपरवर त्याचं नाव आहे. श्रेय चोरलं म्हणताना जरा तपासून बोला.

उणे_ऐंशी: चोरलं असं मी कुठे म्हटलं? तोंडात शब्द घालू नका. पोस्टडॉक नव्हता, मान्य. पण पेपरवर नाव असूनही नोबेलच्या वेळी हातात संशोधनाची नोकरी नव्हती, हे तरी खरं ना?

जुना_लेझर: खरं आहे.

पूल_बांधणारा: आम्ही पेटंटसाठी तारीखवार नोंद ठेवायचो, वाद कमी व्हायचे. तुमच्याकडे लॅब नोटबुक कोणी बघत नाही का?

उणे_ऐंशी: नोटबुक लॅबची मालमत्ता. जाताना ठेवूनच जावं लागलं.

रात्रपाळी: मूळ मुद्द्यावर येते. कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२२ साली पोस्टडॉक संपावर गेले आणि पगारवाढ पदरात पाडून घेतली. म्हणजे पैसे नाहीत हे कारण नेहमी खरं नसतं. माझी मागणी सरळ आहे: कर्मचारी म्हणून नेमणूक करा आणि पीएचडीनंतरच्या कंत्राटी वर्षांवर मर्यादा घाला.

जुना_लेझर: मर्यादेचं काय होतं ते जर्मनीत बघा. कायद्यानं पीएचडीनंतर साधारण सहा वर्षं. कायम जागा वाढल्या नाहीत, माणसंच बाहेर पडली. २०२१मध्ये तिथले संशोधक ‘इश बिन हाना’ (‘मीच हाना’; हाना हे या कायद्याची भलामण करणाऱ्या सरकारी व्हिडिओतलं पात्र) म्हणत याच कायद्यावर तुटून पडले.

रात्रपाळी: हे पटतं. मग मर्यादेसोबत कायम जागाही हव्यात. पण एका वर्षाच्या कंत्राटाचं समर्थन तुम्ही अजून केलेलं नाही.

जुना_लेझर: करतही नाही. ग्रँट तीन वर्षांची असेल तर नेमणूक तीन वर्षांची द्यायला हवी. मी स्वतः आजवर एकेक वर्षच देत आलो, कारण कार्यालयाचा नमुना तसा आहे. पुढच्या जाहिरातीत बदलेन. ‘शिकाऊ’ शब्दावर मात्र मी ठाम आहे.