मेन ड्राइव्ह चालू झाली की मॉडबस बंद: नॉइज की आणखी काही?

एक्स्ट्रूडरवाला_मकरपुरा

नमस्कार मंडळी. बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत पाइपच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. नऊ टेंपरेचर कंट्रोलर, चार एनर्जी मीटर आणि एक ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) असे १४ जण एका आरएस-४८५ लाइनवर, म्हणजे दोन तारांवरून डेटा नेणाऱ्या लाइनवर आहेत. दुसऱ्या टोकाला ऑफिसातला पीसी, मध्ये यूएसबी कन्व्हर्टर. साधारण ९० मीटर कॅट-५ केबल, बिनशील्डची (वरून धातूची जाळी नसलेली). सगळे ज्या भाषेत बोलतात ती मॉडबस आरटीयू.

सकाळी बॅरल तापत असतं तोवर सगळं गुण्यागोविंदानं चालतं. ५५ किलोवॅटची मेन ड्राइव्ह फिरायला लागली की लांबचे कंट्रोलर एकेक करून गळतात. लॉगमध्ये सीआरसी एरर (निरोप वाटेत बिघडला) आणि टाइमआउट (उत्तरच आलं नाही). स्पीड १९२०० वरून ९६०० वर आणला, रिट्राय तीनाचे पाच केले. फरक नावापुरता. पॅनेलवाला म्हणतो, "तुमच्याकडे नॉइज आहे, आयसोलेटर घ्या." म्हणजे दोन बाजूंचा विजेचा थेट संबंध तोडणारा डबा. शेठ म्हणतात, आधी सिद्ध कर, मग बिल आण. वायर कुठे तुटलेली नाही, टोकाटोकाला बीप घेतली आहे.

दांडियाबाजारचे_काका

वयानं मोठा आहे, म्हणून सरळ तू म्हणतो. आमच्या धंद्यात "नॉइज" हा शब्द देवीचा कोप असल्यासारखा वापरतात. एकदा म्हटला की पुढे कुणी काही तपासत नाही. ड्राइव्ह आहे तिथे नॉइज असणारच. तो आहे हे धरूनच आरएस-४८५ बनवलं आहे. रिसीव्हर दोन तारांमधला फरक तेवढा बघतो. दोन्ही तारांवर सारखीच घाण आली तर वजाबाकीत ती जाते. तुझ्याकडे ती सारखी का येत नाही, हे शोधायचं.

सगळी सप्लाय बंद करून कन्व्हर्टरपाशी लाइनच्या दोन तारांमध्ये, म्हणजे ए आणि बीमध्ये, ओहम मोज. केबलमधल्या कुठल्या रंगाच्या तारा वापरल्या आहेत ते सांग. आणि तिसरी तार, म्हणजे सगळ्यांचं ग्राउंड जोडणारी कॉमन, नेली आहे का?

एक्स्ट्रूडरवाला_मकरपुरा

काका, ४४ ओहम. तारा निळी आणि नारिंगी. तिसरी तार नाही, ४८५ दोन तारांवरच चालतं ना?

दांडियाबाजारचे_काका

निळी आणि नारिंगी! पांढरी-निळी नव्हे? मग चोर इथेच आहे.

कॅट-५ मध्ये निळीला पीळ असतो पांढऱ्या-निळीचा. नारिंगीला पीळ असतो पांढऱ्या-नारिंगीचा. तुझ्या वायरमननं दोन जोड्यांतली एकेक तार उचलली, कारण पॅनेलच्या अंधारात पांढऱ्यावरची रेघ दिसत नाही. मीटर बीप करणारच, तांबं तर अखंड आहे. पण ए आणि बी एकमेकांभोवती पिळलेल्याच नाहीत. ९० मीटरभर एक तार ड्राइव्हच्या केबलला जवळ, तर दुसरी लांब. वजाबाकी करून उरतो तो कचराच. ही चूक मी स्वतः केली आहे आणि दोन दिवस सॉफ्टवेअरवाल्याला शिव्या घातल्या आहेत.

आता ४४. सिग्नल टोकावरून परत उसळू नये म्हणून लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रझिस्टर असतात, म्हणजे समांतर ६०, वर तुझ्या तारेचा रझिस्टन्स धरून ६३-६४ दिसायला हवेत. ४४ म्हणजे मध्ये कुठेतरी तिसरा बसला आहे. एखाद्या मीटरचा डिप स्विच (आतला रझिस्टर जोडणारा छोटा खटका) ऑन राहिला असेल, शोध.

तिसऱ्या तारेचं: ए आणि बी दोन्ही तारा मिळून रिसीव्हरच्या ग्राउंडपासून उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या आतच राहायला हव्यात. ऑफिसातलं अर्थ आणि मशीनचं अर्थ एकच, असं तू मनाशी धरून चाललास. मोटर चालू असताना दोन टोकांच्या कॉमनमध्ये एसी मोजून बघ. जे दिसेल ते कमीच समज. ड्राइव्हचा वरच्या फ्रिक्वेन्सीचा भाग साध्या मल्टिमीटरला दिसत नाही.

हालोल_बी_शिफ्ट

काकांचं बरोबर आहे, पण आयसोलेटर अगदीच फुकट खर्च नाही. यूएसबीतून पीसीचं अर्थ लाइनवर येतं, त्यामुळे कन्व्हर्टर तरी आयसोलेटेडच घ्या. आणि मोटरची केबल कुठून गेली आहे? आमच्याकडे ती आणि सिग्नल एकाच ट्रेमध्ये होत्या. जोडी बरोबर असूनही त्रास होता. शेवटी मोटरला शील्डेड केबल टाकली, शील्ड ग्लँडमध्ये (केबल आत शिरते तिथल्या धातूच्या पकडीत) चहूबाजूंनी दाबून बसवली. आधी तिची वेणी करून लगला (टोकाच्या धातूच्या कडीला) लावली होती, तिचा काही उपयोग झाला नाही.

एक्स्ट्रूडरवाला_मकरपुरा

उशिरा लिहितोय, सुट्टीशिवाय लाइन हातात मिळत नाही.

तिसरा रझिस्टर तीन नंबरच्या एनर्जी मीटरमध्ये सापडला. डिप स्विच कंपनीतूनच ऑन आला असावा. तो बंद केल्यावर ६३ ओहम. सगळीकडे निळी आणि पांढरी-निळी करून घेतली, वायरमनच्या कपाळाला टॉर्च बांधून. तपकिरी जोडीच्या दोन्ही तारा एकत्र करून कॉमन नेला. त्याआधी मोटर चालू असताना दोन कॉमनमध्ये ३.८ व्होल्ट एसी दिसले होते. एक मीटर पुन्हा जोडल्यावर बोलेचना. त्याच्या कंपनीचा ए म्हणजे बाकीच्यांचा बी निघाला!

ड्राइव्ह पूर्ण लोडवर असताना शिफ्टभर चौदाही जण हजर. पण लॉगमध्ये अजून तुरळक एरर दिसतात, बहुतेक उत्तराच्या आधी एक भलताच बाइट येतो.

दांडियाबाजारचे_काका

भलता बाइट म्हणजे लाइन मोकळी असताना कुणी ती धरून ठेवत नाही. सगळे गप्प असले की ए-बीमधला फरक शून्याजवळ येतो आणि २०० मिलिव्होल्टच्या आत रिसीव्हर काय समजेल याचा नेम नाही. कन्व्हर्टरपाशी ५६० ओहमचे दोन लाव, एक ५ व्होल्टकडे, एक ग्राउंडकडे. मोकळ्या लाइनवर साधारण २५० मिलिव्होल्ट मिळतील. एकाच जागी लाव, चौदा जागी नको.

एक्स्ट्रूडरवाला_मकरपुरा

कन्व्हर्टर उघडला. ५६० ची जागा बोर्डवर छापलेली आहे, रझिस्टर मात्र बसवलेलेच नाहीत. उद्या डाग देतो. हालोलवाले दादा, मोटर केबलही आमच्या सिग्नलच्याच ट्रेमध्ये आहे. तिची गोष्ट शेठना आत्ता सांगत नाही.